पाचशेचे पैसे, चौऱ्याण्णवचा स्पीड

मी जीएसटीची कामं करते. बिलावर एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा) नसेल तर क्लायंटला बिल परत पाठवते, वर चार शब्दही ऐकवते. अशा बाईने साडेबारा हजारांचं मेश वायफाय (एकमेकांशी बोलून घरभर नेट पोचवणारे डबे) एका चिठ्ठीवर घेतलं. चिठ्ठीवर काय, तर ‘मेश सेट ३ नग, फिटिंगसह’. बस्स.

आमचं नाशिकला रो हाऊस आहे. खाली हॉल आणि किचन, वर दोन बेडरूम, त्याच्यावर गच्चीलगतची खोली. तिथे सासरे दुपारी मोबाइलवर कीर्तन लावून आडवे होतात. फायबरचा मोडेम हॉलमध्ये टीव्हीशेजारी. नवऱ्याच्या मीटिंगा आणि लेकीचे क्लास एकाच वेळी सुरू झाले, तेव्हा आम्ही १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून ५०० चा घेतला. हॉलमध्ये मजा आली. वर मात्र मध्ये स्लॅब आला की नेट रांगायला लागायचं.

आमचे कॅमेरे बसवून गेलेला सीसीटीव्हीवाला ओळखीचा. तो म्हणाला, “ताई, मेश टाका. तीन मजल्यांना तीन डबे, विषय संपला.” व्हॉट्सॲपवर खोक्याचा फोटो आला. वर मोठ्ठा १२०० चा आकडा, खाली ‘गिगाबिट’, म्हणजे १००० एमबीपीएस. भाव मी ऑनलाइन पाहिला, ठीक वाटला. मग तो म्हणाला, “पक्कं बिल पाहिजे तर वर १८ टक्के पडतील.” मी म्हटलं, राहू दे. (माझे क्लायंट हे वाचत असतील तर हसून घ्या.)

बसवायला आला तेव्हा डबे खोक्यातून काढूनच आणले होते. खोकी कुठेत विचारलं तर, “दुकानात राहिली, ताई. कचरा कशाला घरात?” मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

मग त्याने जे दाखवलं ते नीट सांगते, कारण खरी हातचलाखी तिथे झाली. हॉलमध्ये उभं राहून त्याने माझ्याच मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. ४३० आला. वर गेल्यावर टेस्ट लावलीच नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लिंक स्पीड ८६६’ असं दाखवलं आणि म्हणाला, “बघा, खालच्यापेक्षा जास्त!” मी पैसे यूपीआयने पाठवले, चहा दिला.

आठवड्याभरात कुरबुर सुरू झाली. माझ्या टेबलावर ९४. बेडरूममध्ये ६०. गच्चीच्या खोलीत २०-२२. हॉलमध्ये कधी ४३०, कधी ९४. नेट कंपनीकडे तक्रार केली. त्यांचा मुलगा आला, लॅपटॉप वायरने थेट मोडेमला लावून ५१२ दाखवून गेला. “मॅडम, आमची लाइन ओके आहे.” मी त्याच्याशी बराच वाद घालत बसले. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

दिवाळीत भाचा आला. तो हिंजवडीत नेटवर्किंगमध्येच आहे. फराळाची बशी हातात घेऊन त्याने चार ठिकाणी टेस्ट लावली आणि विचारलं, “मावशी, ९४ च्या वर कधी जातच नाही का गं? ९४ म्हणजे पोर्ट, डब्यात वायर खोचायची जागा, १०० चं आहे.” मोडेमपासून डब्यापर्यंत वायरने कितीही आलं तरी १०० च्या पोर्टमधून हातात ९४-९५ च पडतात. पाणी टाकीभर असलं तरी नळ अर्ध्या इंची. कधीकधी डबा बरा असतो आणि वायरच दगा देते, कारण गिगाबिटला वायरीतल्या आठही तारा जोडलेल्या लागतात, १०० ला चार पुरतात. म्हणून त्याने आधी वायर बदलून पाहिली. तरी ९४ च.

मग डबा उलटा केला. खालच्या लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी, टॉर्च लावून वाचावी लागली. मॉडेलचं नाव फोटोतल्यासारखंच, फरक फक्त एका अक्षराचा. दोन्ही मॉडेल एकाच कंपनीची, दिसायला जुळी, दोन्हींवर १२००. पण फोटोतल्याला गिगाबिट पोर्ट, आमच्याकडच्याला १०/१००, म्हणजे फार तर १००. भाव फोटोतल्याचा घेतला, माल दुसरा बसवला.

आणि हॉलमधला ४३०? मेशला त्याने मोडेमच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला होता. मोडेमचं वायफाय बंद केलंच नव्हतं. हॉलमध्ये मोबाइल मेशला नाही, थेट मोडेमला जोडला जात होता. वरचा ८६६ म्हणजे मोबाइल आणि डबा यांच्यातली कागदावरची बोली, इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. खोक्यावरचा १२०० देखील दोन बँडची, म्हणजे वायफायच्या दोन लहरपट्ट्यांची, बेरीज असते, ३०० अधिक ८६७. एका मोबाइलला तो आकडा कधीच मिळत नाही. त्यात दोन बँडचे डबे एकमेकांशी बिनवायरचे बोलतात तेव्हा त्याच हवेतून तुमचा मोबाइलही बोलत असतो, म्हणून दर टप्प्याला स्पीड जवळपास निम्मा होतो. सासऱ्यांचे २२ असे झाले होते.

सीसीटीव्हीवाल्याला फोन केला. “ताई, मेशमध्ये एवढंच येतं, भिंतीत जातो स्पीड.” लेबलचा फोटो पाठवल्यावर फोन उचलणंच बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोलले, तर त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? बिल. माझ्याकडे चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि त्याने स्वतः पाठवलेला खोक्याचा फोटो. त्या फोटोने मला वाचवलं. त्याला मेसेज केला की पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, फोटो जपून ठेवलाय. दोन दिवसांनी त्याने त्याच्या भावाला पाठवून ५,००० परत केले, “डबे राहू द्या तुमच्याकडेच.” मी तिथेच सोडलं. मार्चचं काम तोंडावर होतं.

आता वायफाय ६ चा (वायफायच्या पुढच्या पिढीचा) दोन डब्यांचा सेट आहे. इलेक्ट्रिशियनकडून जिन्याच्या कडेने कॅट ६ वायर (गिगाबिट पेलणारी नेटची वायर) वर ओढून घेतली, दुसरा डबा वायरने जोडला. त्यामुळे तिसरा लागलाच नाही. हे आधी कळलं असतं तर! बसवताना माणसाला म्हटलं, आधी खोकं माझ्यासमोर फोड, लेबल वाचू दे, बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर टाक. मग मोडेमचं वायफाय बंद करायला लावलं आणि प्रत्येक खोलीत मीच टेस्ट लावली. बेडरूममध्ये ४६० आला. तो थोडा वैतागला होता, वैतागू दे.

जुन्यातला एक डबा सासऱ्यांच्या खोलीत वायरने लावून दिलाय. कीर्तनाला ९४ म्हणजे चैन. नव्याची खोकी कपाटावर ठेवलीत. सासूबाई दर रविवारी विचारतात, “ही रद्दीत घालू का गं?”

“वॉरंटी संपेपर्यंत हात लावायचा नाही, आई.”