चिऱ्याच्या घराची पावसाळ्यानंतरची भिंत: चुना की इमल्शन?

दसऱ्याच्या सुमारास आम्ही पश्चिमेच्या पडवीचे झाप सोडतो. झावळ्या खाली आल्या की चार महिन्यांनी माजघरात ऊन शिरतं आणि त्या उन्हात भिंत दिसते. काळे ठिपके, जमिनीलगत हिरवट कड, कोपऱ्यात कुबट वास. गाद्या-गोधड्या खळ्यात घालणं, पेट्या रिकाम्या करणं, माळ्यावरची जळमटं काढणं हे कोणाला सांगायला नको. अडतं ते भिंतीपाशी. दर वर्षी चुना लावावा, की एकदाच चांगलं इमल्शन, म्हणजे डब्यातला धुता येणारा रंग, लावून ते दर ऑक्टोबरात पुसून घ्यावं? मी दोन्ही केलं आहे. घर गुहागरजवळ, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू. इमल्शन सहा वर्षं होतं, चुना गेली पाच वर्षं आहे.

इमल्शन दिसायला देखणं, यात वाद नाही. लहान मुलांचे हात, पेन्सिलीच्या रेघा ओल्या फडक्याने निघतात. भिंतीला टेकून बसलं तरी सदऱ्याला काही लागत नाही. रंग हवा तो मिळतो. पुसायला मी पाण्यात ब्लीचिंग पावडर घेत असे. दारं-खिडक्या सताड उघडून, हातमोजे घालून पुसलं की ठिपके जातात. मात्र त्यात व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत जातो.

चुन्याचा व्याप मोठा. कळी, म्हणजे न भिजवलेला चुना, आणायची, पिंपात भिजत घालायची, रटरट उकळून निवली की दोन दिवस मुरू द्यायची, मग फडक्याने गाळून घ्यायची. आमची आत्ये त्यात भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची, मीही तेच करतो. पातळ दोन हात द्यायचे, तेही भिंतीवर आधी पाणी मारून. पहिला हात ओला असताना भिंत जवळजवळ तशीच दिसते, नवखा माणूस घाबरून दाट थर चढवतो आणि तो पुढे पोपडे होऊन पडतो. थेंब डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा हवाच. तरीही गेला, तर डोळा बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुवत राहायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. चार खोल्यांना आम्हा दोघांना दीड दिवस लागतो.

एवढं वाचून कोणीही इमल्शनच घेईल. मीही घेतलं होतं. माझं मत फिरलं ते माजघरातल्या कपाटामागे.

चौथ्या वर्षी कपाट ओढलं तर मागे तळहाताएवढा फुगा. बाहेरून रंग गुळगुळीत, धड. पत्र्याची पट्टी लावली तर रंगाचा पापुद्रा पापडासारखा अखंड सुटून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब होते आणि भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी. गिलावा बोटाने खरवडला तर ओली वाळू निघाली. बाहेरून मी चार वर्षं इमानाने पुसत होतो आणि ओल आत बसलेली होती. तो भाग खरवडून, लांबी भरून पुन्हा रंगवला. पुढच्या वर्षी फुगा हातभर वर सरकलेला. त्यानंतरच्या वर्षी देवघराच्या भिंतीलाही धरला.

चिरा पाणी पितो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि झड येते पश्चिमेकडून. भिंत भिजणारच, पण तिला नंतर सुकायला वाट हवी. इमल्शनचा थर ती वाट अडवतो. चुना अडवत नाही. शिवाय ताजा चुना इतका जहाल असतो की त्यावर बुरशी धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो पुन्हा चुनखडीसारखा होतो आणि जहालपणा उतरतो, म्हणून दर वर्षी हात द्यावा लागतो. ते काम आहेच. पण आज माझ्या भिंतीला जे काही होतं ते मला वरून दिसतं. पापुद्र्याआड काही दडत नाही.

गणपतीआधी रंग लावायची आपल्याकडे घाई असते. चाकरमानी यायचे, घर उजळ दिसायला हवं. पण श्रावणात भिंत पुरती ओली असते, तेव्हा लावलेलं इमल्शन ओल कोंडूनच बसतं. माझ्याकडचं पहिलं इमल्शनही श्रावणातच लागलं होतं, त्यामुळे सगळा दोष रंगाचा म्हणणं कदाचित अन्यायाचं होईल. चुन्याला ओली भिंत चालते, फक्त वाळायला वेळ घेतो. म्हणून गणपतीला दर्शनी भिंतीला एक हात आणि बाकी घर दिवाळीआधीच्या उन्हात, असं मी वाटून घेतलं आहे.

ज्यांचं घर स्लॅबचं, बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफिंग नीट केलेलं, त्यांनी चुन्याच्या मागे लागू नये. त्यांना इमल्शन सोयीचंच पडेल. माझ्याही स्वयंपाकघरात फोडणीच्या बाजूची भिंत इमल्शनचीच ठेवली आहे, कारण तेलकट डाग चुन्यावरून निघत नाही. पण चिऱ्याचं जुनं घर असेल, तर मी तरी चुनाच सुचवेन. इमल्शनवर मात्र तो थेट देऊ नका, धरत नाही. आधी सगळा रंग खरवडावा लागतो. आम्हाला त्यालाच आठ दिवस लागले.

पडवीतल्या बाकाच्या मागे आता चटई टांगलेली असते, पाठीला चुना लागू नये म्हणून. आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे.