ल्योंची मेट्रो आणि टेकडीवर चढणाऱ्या गाड्या: आई-बाबांना घेऊन फ्रान्सला जाणार असाल तर वाचाच

आपल्याकडची मंडळी फ्रान्सला जातात म्हणजे पॅरिसला जातात, आयफेल टॉवर, लूव्र, वेळ उरला तर डिस्नी आणि मग थेट स्वित्झर्लंड. ल्यों मात्र राहूनच जातं. मला विचाराल तर तिथं उतरा आणि निदान दोन रात्री राहा, कारण साध्या मेट्रोच्या तिकिटावर इतकं काही बघायला मिळेल असं दुसरं शहर मला तरी युरोपात भेटलेलं नाही. पुण्याहून आई-बाबा आले होते, दोघंही सत्तरीच्या पुढचे, बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे टॅक्सी न करता सगळं रेल्वेवरच जमतंय का हा माझा मुख्य प्रश्न होता. जमलं, आणि मस्त जमलं!

आधी पोचायचं कसं ते सांगते. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्ही या हायस्पीड गाडीनं साधारण दोन तास. फ्रान्सची ही पहिली हायस्पीड लाइन, 1981 साली याच मार्गावर सुरू झाली. आता इटलीची फ्रेच्चारोसा पण पॅरिस-ल्यों धावते, त्यामुळे तिकीट काढताना दोन्हीचे भाव बघा आणि आधी काढा, आयत्या वेळी फार महाग पडतं. उतरायचं पार-द्यू स्टेशनला. स्टेशन मोठं, गर्दी भरपूर, आणि बाहेर पडायला दोन बाजू आहेत, एक व्हिव्हिए-मेर्ल आणि दुसरी व्हिलेत, हॉटेल कुठल्या बाजूला आहे ते आधीच बघून ठेवलं तर बॅगा ओढत उगाच फेरा पडत नाही. मेट्रो व्हिव्हिए-मेर्लच्या बाजूला आहे. विमानानं येणार असाल तर एअरपोर्टवरून रोनएक्सप्रेस नावाची ट्राम अर्ध्या तासात पार-द्यूला आणते, सोयीची आहे पण महाग आहे, चौघं असाल तर टॅक्सीचा भाव विचारून बघा.

आता मेट्रो. ए, बी, सी, डी अशा चारच लाइन, नकाशा बघितला की पाच मिनिटांत डोक्यात बसतो, पॅरिससारखं गरगरायला होत नाही. ए आणि बी 1978 ला सुरू झाल्या, डी नंतर 1991 ला. बी आणि डी वर ड्रायव्हरच नाही, गाडी आपली आपण चालते, म्हणून सगळ्यात पुढच्या डब्यात काचेशी उभं राहिलं की समोरचा अख्खा बोगदा दिसतो. लहान मुलं असतील तर तिथून हलणार नाहीत, आमचे बाबा पण हलले नाहीत. अजून एक गंमत म्हणजे सी सोडून बाकीच्या लाइनवर गाड्या डाव्या बाजूनं धावतात, म्हणजे आपल्यासारख्या, फ्रान्समधल्या दुसऱ्या मेट्रोंमध्ये असं नसतं. डी लाइन दोन्ही नद्यांच्या खालून जाते, आधी रोन आणि मग सोन.

तिकीट एक तास चालतं आणि त्यात मेट्रो, ट्राम, बस, फ्युनिक्युलर (म्हणजे दोरानं टेकडीवर ओढली जाणारी गाडी) काहीही बदलत बसा. दिवसभर हिंडायचं असेल तर 24 तासांचा पास घ्या, सरळ हिशोब आहे. ल्यों सिटी कार्ड म्हणून एक मिळतं त्यात म्युझियम आणि सगळी वाहतूक एकत्र येते, पण दिवसाला दोन-तीन म्युझियम करणार असाल तरच ते घ्या, नुसतं फिरायचं असेल तर पास पुरतो. तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवा, चेकर असतात.

आता खरा भाग, फ्युनिक्युलर. ज्या शहरात 1862 साली जगातली पहिली शहरी फ्युनिक्युलर धावली तेच हे शहर. ती मूळची लाइन आता बंद आहे, पण फूर्व्हिएर टेकडीवर जाणाऱ्या दोन अजून चालू आहेत, दोन्ही व्ह्यू ल्यों मेट्रो स्टेशनातूनच सुटतात, आणि दोन्हीला तुमचं मेट्रोचं तिकीट चालतं. बरेच टूरिस्ट इथं काय करतात तर वरच्या बॅसिलिकाला, म्हणजे मोठ्या चर्चला, जाऊन त्याच गाडीनं परत येतात. तसं करू नका. एफ2 नं वर जा आणि एफ1 नं खाली या, मधे सगळा उतार आहे, गुडघेवाल्यांना पण झेपतो.

एफ2 काही मिनिटांतच बॅसिलिकाच्या दाराशी सोडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीचं बांधकाम, बाहेरून पांढरं आणि जरा बोजड वाटतं, पण आत मोझेइकचं काम बघून आई कितीतरी वेळ मान वर करूनच उभी होती. खाली अजून एक पूर्ण चर्च आहे, ते चुकवू नका, बरेच लोक वरूनच परततात. मागच्या गच्चीवरून सगळं शहर दिसतं, लाल कौलं, दोन नद्या, पार-द्यूचा तो पेन्सिलीसारखा टॉवर, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर माँ ब्लाँ. सकाळी लवकर गेलात तर शांतता मिळते, दुपारी टूरच्या बसेस येतात.

तिथून पाच-सात मिनिटं खाली चाललं की रोमन थिएटर. ख्रिस्तपूर्व 15 च्या आसपासचं, नंतर वाढवून दहा हजार माणसं बसतील एवढं केलेलं, आणि आत जायला पैसे नाहीत. दगडी पायऱ्यांवर डबा उघडून बसा हवं तर, आम्ही थेपले खाल्ले. शेजारी लुग्दुनुम म्युझियम आहे, टेकडीच्या पोटात बांधलेलं, बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. याला तिकीट आहे पण माझ्या मते पूर्ण वसूल. रोमन सम्राट क्लॉडियस याच शहरात जन्मला होता आणि इ.स. 48 मध्ये त्यानं गॉलच्या, म्हणजे आताच्या फ्रान्सकडच्या, लोकांना रोमच्या सिनेटमध्ये जागा मिळावी म्हणून भाषण केलं, ते भाषण कोरलेला ब्राँझचा पत्रा इथं आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं भाषण, अक्षर अन् अक्षर अजून स्पष्ट! बाबा इतिहासाचे मास्तर होते, त्यांना तिथून काढायला बराच वेळ लागला. मग खालच्या अंगाला मिनिम स्टेशनवर एफ1 पकडायची की परत व्ह्यू ल्यों.

व्ह्यू ल्यों म्हणजे जुनं गाव, 1998 पासून युनेस्कोच्या यादीत. इथं त्राबूल बघायचे, म्हणजे एका गल्लीतल्या घरात शिरून अंगणातून, जिन्याखालून जात दुसऱ्या गल्लीत निघणारे बोळ. सगळ्यात लांब 54 र्यू सँ-जाँ पासून 27 र्यू द्यू बफ पर्यंत जातो. दाराशेजारचं बटण दाबलं की उघडतं. लोक राहतात तिथं, त्यामुळे हळू बोला आणि सकाळी जा, संध्याकाळी बरेच बंद असतात. जेवणाचं मात्र सांभाळा. मुख्य गल्लीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोनदा विचारून शाकाहारी मागवलं तरी आलेल्या सॅलडवर बेकनचे तुकडे होते आणि परत दिलं तर वेटरनं ते नुसते बाजूला काढून तीच ताटली पुन्हा आणली. आईनं काहीच खाल्लं नाही. या शहराचं पारंपरिक जेवण मांसाहारीच आहे, आतडी-पोटाचे प्रकार खूप, खाणाऱ्यांची चंगळ आहे, पण शाकाहारी असाल तर बेकरी आणि चीज यावर भर द्या. गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांचा, टार्ट नक्की खा, आणि सेर्वेल द कान्यू म्हणजे ताज्या चीजमध्ये हिरवी पात, कांदा-लसूण घातलेलं असतं, ब्रेडबरोबर फार छान लागतं.

दुसरी टेकडी क्रुआ-रूस, आणि तिथं नेणारी सी लाइन माझी सगळ्यात लाडकी. ही दातेरी रुळावर चढते, चढ 17 टक्क्यांच्या वर आहे, ओतेल द व्हिलहून निघाली की लगेच अंग मागे जातं. क्रुआ-पाके स्टेशनचा तर प्लॅटफॉर्मच तिरका आहे, व्हीलचेअर असेल तर त्या स्टेशनवर उतरू नका, थेट वरच्या क्रुआ-रूसला जा. इथं रेशीम विणणारे राहायचे, त्यांना कान्यू म्हणतात. नक्षी विणणारा माग बनवणारा जॅकार्ड ल्योंचाच, त्याचा माग उंच असायचा म्हणून इथल्या घरांची छतं चार-चार मीटरवर आहेत, रस्त्यावरून नुसत्या खिडक्या बघितल्या तरी कळतं. नक्षी ठरवायला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं वापरायची ही पद्धत पुढे कॉम्प्युटरच्या पंचकार्डापर्यंत पोचली. येवला, इचलकरंजीकडच्या लोकांना जॅकार्ड काय ते सांगायला नकोच. पण याच विणकरांनी 1831 मध्ये आणि पुन्हा 1834 मध्ये मजुरीसाठी उठाव केला आणि दोन्ही वेळा सैन्य पाठवून तो मोडला, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. रेशमाचे स्कार्फ विकणाऱ्या दुकानांपेक्षा हे जास्त डोक्यात राहिलं.

एनोन स्टेशनजवळ म्यूर दे कान्यू आहे, सुमारे 1200 चौरस मीटरची रंगवलेली भिंत, लांबून खरोखरचा रस्ता आणि जिना आहे असंच वाटतं. 1987 ची आहे आणि अधूनमधून नव्यानं रंगवतात, चित्रातली माणसंही वयानं वाढवतात. ती बघून क्रुआ-रूसहून चालत खाली उतरा, वाटेत प्लास कोल्बेरला कूर दे व्होरास नावाचं जुनं अंगण आणि त्याचा सहा मजली दगडी जिना आहे. वर गाडीनं, खाली पायी, या टेकडीला हेच सूत्र. बाबांना पायऱ्या नको होत्या तर ते आणि आई सी लाइननंच खाली आले आणि आम्ही प्लास दे तेरोला कारंज्यापाशी भेटलो. ते कारंजं बार्तोल्दीचं, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी घडवणारा तोच. समोरचं ललितकला म्युझियम मंगळवारी बंद असतं.

आणि मराठी माणसानं चुकवू नये अशी जागा डी लाइनवर आहे, मोंप्लेझिर-ल्यूमिएर स्टेशन. बाहेर आलं की सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्यूमिएर बंधूंच्या कुटुंबाचा बंगला आणि त्यामागे ती कारखान्याची शेड, जिच्यासमोर 1895 च्या मार्चमध्ये कामगार बाहेर पडतानाचं त्यांचं पहिलं चित्रण झालं. पुढच्याच वर्षी, 7 जुलै 1896 ला, ल्यूमिएरांचा माणूस त्यांच्या फिल्म घेऊन मुंबईत काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात आला, तिकीट एक रुपया. ते खेळ बघूनच सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवला आणि कुस्तीचं चित्रण केलं, आणि मग 1913 ला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवात जिथून होते ती शेड मेट्रोपासून दोन मिनिटांवर! आत मूळ सिनेमॅटोग्राफ, म्हणजे ल्यूमिएरांचं चित्रण करणारं आणि दाखवणारं यंत्र आहे, काचेवरचे रंगीत ऑटोक्रोम फोटो आहेत, पडद्यावर त्या जुन्या फिल्म चालू असतात. गर्दी अजिबात नाही. सोमवारी बंद.

वेळ उरला तर ए लाइननं मासेना स्टेशनला उतरून तेत दोर बागेत जा, 117 हेक्टरची आहे, आतलं प्राणिसंग्रहालय पण फुकट. कॉन्फ्ल्युअन्स म्युझियमला टी1 ट्राम जाते, दोन नद्या मिळतात त्या टोकाला, इमारत बाहेरून भारी आहे, आत मला ठीकठाक वाटलं. बेलकूरचा चौक प्रचंड मोठा आहे पण उन्हाळ्यात सावली नाही, लाइन बदलायला तिथं येणार आहातच तेव्हा वर येऊन बघा. 8 डिसेंबरच्या आसपास दिव्यांचा सण असतो, सुंदर असतो म्हणतात, पण तेव्हा मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलचे भाव चढतात, वयस्कर माणसं बरोबर असतील तर ते दिवस टाळा. त्यापेक्षा अर्धा दिवस काढून पार-द्यूवरून लोकल टीईआरनं व्हिएनला जा, ऑस्ट्रियातलं नाही, हे फ्रान्समधलं छोटं गाव, अर्ध्या तासाच्या आत पोचता आणि भर चौकात अख्खं रोमन देऊळ उभं आहे. टीईआरला सीट रिझर्व्ह करावी लागत नाही. टीजीव्हीला मात्र वेळ पाळा, सुटण्याच्या दोन मिनिटं आधीच दारं बंद होतात आणि प्लॅटफॉर्म बोर्डावर शेवटच्या वीसेक मिनिटांत लागतो, तेव्हा बॅगा घेऊन बोर्डासमोरच उभे राहा, कॉफी आधी पिऊन घ्या.