बँकेचा शेअर : अकरा वर्षं जवळ ठेवल्यावरचं माझं मत

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटातल्या फायलीत दोन बँकांचे शेअर निघाले. ते माझ्या नावावर झाले, त्याला आता अकरा वर्षं झाली. मी आयुष्यभर हिशेब लिहिण्याचंच काम केलं, त्यामुळे बँकेच्या ताळेबंदाची भीती नव्हती. तरीसुद्धा पहिली तीन वर्षं मी फक्त लाभांश किती जमा झाला तेवढंच बघत राहिले.

चौथ्या वर्षी त्यातल्या एका बँकेचा लाभांश निम्म्यावर आला. अध्यक्षांच्या पत्रात लिहिलं होतं की वर्ष कठीण गेलं, भांडवल जपायला हवं. मला ते पटलं. मग सहज पेन्सिल घेऊन वार्षिक अहवालाची मागची पानं चाळली. वरिष्ठांच्या मोबदल्याच्या तक्त्यात बोनसचा रकाना होता आणि त्यातला आकडा आदल्या वर्षीपेक्षा मोठा होता. छपाईची चूक असेल म्हणून दोन्ही वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. चूक नव्हती. खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं : उद्दिष्टं पूर्ण झाली. त्या उद्दिष्टांत पहिलं होतं कर्जवाटपातली वाढ. ती वाढ मला पुढे दोन वर्षांनी पुन्हा भेटली, बुडीत कर्जांच्या तरतुदीत, म्हणजे बुडणाऱ्या कर्जांसाठी नफ्यातून बाजूला काढलेल्या रकमेत. तोवर बोनस घेऊन झाला होता. तो कुणी परत दिला नाही.

शेअर घेणाऱ्या आपल्या माणसांना ‘बोनस’ म्हटलं की फुकट मिळणारे जादा शेअर आठवतात. मी बोलतेय तो बोनस बँकेतल्या लोकांचा. तो नफा काढायच्या आधीच खर्चात पडतो. लाभांशाची पाळी सगळ्यात शेवटी, कर भरून, तरतुदी करून, राखीव निधीत टाकून काही उरलं तर. कारखान्यातही हाच क्रम असतो, पण बँकेत त्याची धग जास्त लागते, कारण बँक दुसऱ्यांच्या पैशावर चालते. शंभराच्या मालमत्तेमागे भागधारकांचे पाच असतील, तर मालमत्तेची किंमत पाच टक्क्यांनी घसरली की आपलं सगळं गेलं. जोखीम फळली तर बोनस वाढतो, फसली तर तो फार तर शून्यावर येतो. आपला पैसा मात्र मुळासकट जातो.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते 2008 साली दिसलं. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे तिथल्या राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, 2009 च्या अहवालात सरकारी मदत घेतलेल्या 9 मोठ्या अमेरिकी बँकांचा हिशेब आहे : मदत 175 अब्ज डॉलर, 2008 चे बोनस 32.6 अब्ज. त्यातल्या मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेला 27.6 अब्ज डॉलरचा तोटा झाला, तरी 3.6 अब्जांचे बोनस वाटले गेले, तेही बँक ऑफ अमेरिकाच्या ताब्यात जायच्या आधी, डिसेंबरातच. या बोनसबद्दल बँक ऑफ अमेरिकाच्या भागधारकांना नीट सांगितलं नाही म्हणून तिथल्या बाजार नियामकाने खटला भरला आणि 3.3 कोटी डॉलर दंडावर तडजोड ठरली. न्यायाधीशांनी ती तडजोडच नाकारली. ज्या भागधारकांना अंधारात ठेवलं, त्यांच्याच खिशातून दंड भरला जाणार, हा त्यांचा आक्षेप होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद मिटून बराच वेळ बसून राहिले. अखेर 2010 मध्ये 15 कोटींवर मिटलं, आणि ते पैसे नुकसान झालेल्या भागधारकांना द्यायचे ठरले.

त्यानंतर नियम आले. युरोपीय संघाने 2014 पासून बोनसला मूळ पगाराइतकी मर्यादा घातली, भागधारकांनी संमती दिली तर दुप्पट. बँकांनी काय केलं? मूळ पगार आणि भत्ते वाढवले. म्हणजे वाईट वर्षी कमी करता येणारा खर्च पक्का होऊन बसला. ब्रिटनने 2023 मध्ये ही मर्यादा काढून टाकली. मला स्वतःला मर्यादेपेक्षा उशिरा मिळणारा बोनस जास्त भरवशाचा वाटतो : मोठा भाग रोख न देता शेअरमध्ये, तोही काही वर्षं अडकवून, आणि मधल्या काळात कर्ज बुडालं तर परत घेण्याची अट. कर्ज चांगलं की वाईट हे कळायलाच तीन-चार वर्षं लागतात. बोनसही तेवढा थांबला पाहिजे.

चांगल्या माणसांना पैसे द्यावेच लागतात, हे मला मान्य आहे. बुडणारं कर्ज वेळेवर अडवणारा अधिकारी सोडून गेला तर नुकसान माझंच आहे. पण बार्कलेज या ब्रिटिश बँकेने 2013 च्या वर्षासाठी बोनसची रक्कम 10 टक्क्यांनी वाढवली, तेव्हा तिचा समायोजित (काही बाबी वगळून मोजलेला) नफा 32 टक्क्यांनी घटला होता आणि त्याच वर्षी भागधारकांकडून राइट्स इश्यूने (आहेत त्याच भागधारकांना नवे शेअर विकून) नवं भांडवल मागितलं होतं. त्यांचंही म्हणणं हेच होतं, की नाहीतर माणसं जातील. पुढच्या वार्षिक सभेत मोबदल्याच्या अहवालाविरुद्ध सुमारे 24 टक्के मतं पडली. ठराव तरी मंजूर झालाच.

आता मी शेअर कसा जोखते ते सांगते. बँकेचं सगळ्यात वाईट वर्ष शोधते आणि त्या वर्षी आधी काय कापलं ते बघते. दहा वर्षांचा एकूण बोनस आणि एकूण लाभांश दोन ओळींत मांडते. शेअरची संख्या किती वाढली हे आवर्जून बघते, कारण कर्मचाऱ्यांना वाटलेल्या शेअरमुळे आपला हिस्सा गुपचूप पातळ होतो. बायबॅकचं, म्हणजे बँकेने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याचं, कौतुक होतं तेव्हाही कित्येकदा तोच वाढीव आकडा भरून काढलेला असतो. बोनस भांडवलावरच्या परताव्याशी बांधलेला असेल तर मी दोनदा वाचते. नफ्याला भांडवलाने भागायचं असतं, तेव्हा भांडवल कमी ठेवलं तरी उत्तर मोठंच येतं.

बाबांच्या दुसऱ्या बँकेने तिच्या वाईट वर्षी वरिष्ठांचा बोनस आधी थांबवला, लाभांश नंतर कमी केला. तिचे शेअर मी ठेवलेत, आणखी थोडे घेतलेही. तिला माझे पाचपैकी चार गुण. पहिलीला दोन, तेही तिच्या ठेवी भक्कम आहेत म्हणून. तिचे निम्मे शेअर विकले. उरलेले ठेवलेत, कारण शेअर असेपर्यंत मत देता येतं. यंदाच्या सभेसाठी वरिष्ठांच्या मोबदल्याचा ठराव आलाय. काल रात्री जेवणं झाल्यावर ई-व्होटिंग उघडलं आणि ‘विरोधात’वर बोट ठेवलं.