आईचे चार आतले शेक, माझ्याकडून साडेतीन स्टार

आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. बाहेरून रेडिएशनचे 25 लाईट, एकूण 45 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो आणि शेवटी शेवटी ब्रॅकीथेरपी, म्हणजे नळ्यांतून आत दिलेलं रेडिएशन, 7 ग्रेचे 4 शेक. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तक्रारपण करायचीये आणि फॉलोअप अजून तिथंच आहे.

मशीनवर आई जेमतेम 8 मिनिटं असायची, त्याच्या आधी साडेतीन-चार तास. मला वाटायचं नुसतं रखडवतायत. भूल देऊन एक नळी पिशवीत, दोन खाली तिच्या दोन्ही बाजूंना, मग गॉज ठासून भरतात म्हणजे लघवीची पिशवी आणि मागचं आतडं जरा लांब सरकतं, मग सीटी, त्यावर डॉक्टर गाठ आणि बाकीचे अवयव आखतात आणि मग फिजिसिस्ट मॅडम कॉम्प्युटरवर डोस बसवत बसतात. मी म्हटलं मागच्याच वेळचा प्लॅन चालवा ना, वेळ वाचेल. तर म्हणाल्या नळी दर वेळी दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे बसते आणि सोर्सच्या, म्हणजे नळीतून आत जाणाऱ्या किरणोत्सारी तुकड्याच्या, इतक्या जवळ तेवढ्यानं खूप फरक पडतो.

दुसऱ्या वेळी ते दिसलंच. आतड्यात गॅस भरून ते फुगून नळ्यांना टेकलेलं, स्क्रीनवर डोसची रेघ सरळ त्याच्यात घुसलेली. मॅडमनी प्लॅन पास केला नाही, गॅस काढायला लावला, परत सीटी, परत सगळं पहिल्यापासून. तासभर जास्त गेला, तेव्हा मी चिडले होते, आता वाटतं या विभागाला पैसे द्यायचे तर ह्याच तासाचे द्यावेत.

एकदा मी पाकिटाच्या मागं हिशेब केला, 45 आणि 28 म्हणजे 73, आणि डॉक्टर तर 85 च्या वर पाहिजे म्हणत होते! धावत गेले विचारायला. मॅडम हसल्या नाहीत, नीट सांगितलं की एका दमात दिलेले 7 ग्रे जास्त लागतात, म्हणून सगळं 2-2 ग्रेच्या हिशेबात बदलून मग बेरीज करतात, आणि त्याच हिशेबात मागच्या आतड्याचे सगळ्यात जास्त डोस घेणारे 2 सीसी 75 च्या आत ठेवायचे असतात. चौथ्या वेळी आई म्हणाली आज जास्त वेळ दिलं का गं? खरंच जवळजवळ 10 मिनिटं झाली होती. सोर्समधलं इरिडियम 74 दिवसांत निम्मं होतं, 3 आठवड्यांत तेवढा फरक पडणारच, डोस तोच.

आता दीड स्टार कुठं गेला ते. आई नळ्यांसकट उताणी, हलायचं नाही, घसा कोरडा, आणि बाहेर आम्हाला कोणी एक शब्द सांगत नाही की प्लॅनिंग चाललंय, अजून दोन तास लागतील. सिस्टरना विचारलं की ‘बसा, बोलवतो’. वर चौथी तारीख सुट्टीमुळं परस्पर पुढच्या आठवड्यात ढकलली, सगळी ट्रीटमेंट 8 आठवड्यांत संपायला पाहिजे हे त्यांनीच आधी सांगितलेलं! दोन काउंटर आणि एका केबिनमध्ये भांडल्यावर 54 व्या दिवशी नंबर लागला. जे भांडत नाहीत त्यांचं काय होत असेल देव जाणे.

जाताना पायमोजे आणि पातळ शाल न्या, सीटीच्या खोलीत एसी फार कडक असतो.