शंभर सुयांचा डबा आणि दोघांत एक पेन

इन्सुलिन पेनाला, म्हणजे आत औषधाची नळी असलेल्या पेनासारख्या इंजेक्शनला, लावायच्या सुया. लांबी ४ मिमी, ३२ गेज, डब्यात १००. सात महिन्यांत सातवा डबा फोडलाय, म्हणजे आता अभिप्राय लिहायला हरकत नाही.

सुई चांगली आहे, आधी तेच सांगते. पूर्वीच्या ८ मिमीच्या सुईला पोटाची चिमूट धरावी लागायची, हिला नाही लागत. सरळ टेकवायची, बटण दाबायचं, मनात दहा आकडे मोजायचे आणि मग काढायची. घाईघाईत पाचावरच उपसली की टोकाला थेंब लोंबतो, तेवढं औषध वाया. खोड एकच, आतलं चिमुकलं टोपण. साठीतल्या बोटांना ते धरवत नाही. दोनदा परत बसवायला गेले आणि दोन्ही वेळा अंगठ्यातून रक्त काढलं. ते परत बसवायचंच नसतं, बाहेरच्या मोठ्या टोपणात सुई घालून फिरवून काढायची असते, हे मला तिसऱ्या डब्याला कळलं. आत माहितीचा कागद असतो, पण अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

मी कराडला चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. मशीनची सुई जराशी टाका सोडायला लागली की मी ती बदलते, गिऱ्हाइकाच्या कापडाला ओढ बसू देत नाही. आणि हीच मी गेल्या वर्षापर्यंत पोटाला एक सुई आठवडाभर चालवत होते. दहा रुपयांची वस्तू एकदा टोचून टाकून द्यायची म्हणजे जिवावर यायचं. माझीच सुई, माझंच पोट, कुणाचं काय जातंय?

गेलं ते असं, की बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढी मऊ गाठ आली. तिथे टोचलेलं दुखायचं नाही म्हणून मी मुद्दाम तिथेच टोचायची. साखर एक दिवस २८०, दुसऱ्या दिवशी ६०. डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं आणि विचारलं, ‘‘सुई किती दिवसांनी बदलता?’’ मी खाली बघितलं. गाठीतून इन्सुलिन अंगात नीट उतरत नाही. जागा बदलायला लावली आणि त्याच दिवशी डोस २२ युनिटवरून १८ वर आणला. चांगल्या जागेवरचं औषध पुरतं लागू पडतं, जुनाच डोस ठेवला असता तर साखर एकदम खाली आली असती.

पण हे झालं माझ्यापुरतं. मोठा घोळ वेगळाच होता.

ह्यांनाही गेल्या वर्षी इन्सुलिन सुरू झालं. दोघांचं औषध एकच, ते हातात घोळवून घ्यायचं दुधी रंगाचं. मी सकाळ-संध्याकाळ, हे फक्त रात्री. मग दोन पेनं कशाला? पेन एक, सुया मात्र वेगळ्या, त्याबाबतीत मी कडक. चार महिने असंच चाललं. सून लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ती दिवाळीला आली आणि फ्रीज उघडून तिथेच थांबली.

‘‘आई, तुमचं आणि बाबांचं पेन एकच?’’

‘‘सुया वेगळ्या आहेत की गं.’’

तिने पेन उजेडात धरलं. काचेच्या नळीत वर एक बुडबुडा अडकला होता. ‘‘ही हवा कुठून आली? सुई लावून ठेवली की त्याच वाटेने आत शिरते. मग सुई अंगात असताना बटणावरचा अंगठा सुटला तर रक्तसुद्धा तसंच आत ओढलं जाऊ शकतं. डोळ्यांना दिसणारही नाही. सुई बदललीत, नळी तीच राहिली ना?’’

मला ते एका झटक्यात कळलं, बॉबिनचा दोरा खालून कसा वर येतो ते जन्मभर बघितलंय.

तिनेच सांगितलं, अमेरिकेत टेक्सासच्या एका लष्करी रुग्णालयात हेच झालं होतं. सुया बदलायच्या, पेन तेच फिरवायचं. २००९ साली ते उघडकीला आलं तेव्हा दोन हजारांहून जास्त पेशंटना तपासणीला बोलवावं लागलं. त्याच वर्षी इकडे गुजरातेत मोडाशाला वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बी-ची साथ पसरली आणि माणसं दगावली. हा विषाणू बाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा आठवडाभर जिवंत राहतो म्हणे.

माझ्या पोटात गोळा आला तो मात्र ह्यांच्यामुळे. १९९४ साली ह्यांचा अपघात झाला होता, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तेव्हा रक्ताची हेपॅटायटिस सी-साठी तपासणी सक्तीची नव्हती, आणि हा आजार वर्षानुवर्षं अंगात गप बसून राहतो. दोघांचंही रक्त दिलं: बी, सी आणि एचआयव्ही. सगळं निगेटिव्ह आलं. तरी डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी परत करा, ताजी लागण लगेच दिसत नाही. ते तीन महिने ह्यांनी माझ्याशी साखरेवरूनसुद्धा वाद घातला नाही, यावरून काय ते समजा. दुसऱ्यांदाही निगेटिव्ह.

आता पेनं दोन. माझ्या पेनाला लाल दोरा गुंडाळलाय, ह्यांच्या पेनाला निळा. सुई लावायची, दोन युनिट हवेत सोडून बघायची, टोचायची, काढून टाकायची. पेनावर सुई ठेवून द्यायची नाही. खर्च महिना हजारापर्यंत जातो. हे अजूनही अधूनमधून विचारतात, ‘‘कालचीच लावू का गं, एकदाच तर वापरलीय.’’

पाचपैकी चार तारे. एक कापला तो सुईसाठी नाही. डब्यावर ‘एकदाच वापरा’ लिहिलंय, पण वापरून झाल्यावर कुठे टाकायची ते काही धड कळत नाही. घंटागाडीवरच्या बाई हाताने कचरा निवडतात, त्यांच्या बोटात माझी सुई कशी जाऊ द्यायची? मी कपडे धुण्याच्या लिक्विडच्या जाड रिकाम्या बाटलीत टाकते आणि झाकण घट्ट लावते. अशा तीन बाटल्या माळ्यावर आहेत. मेडिकलवाल्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘काकू, आम्ही विकतो फक्त.’’ भरलेली बाटली ज्या दिवशी त्याच काउंटरवर परत घेतील, त्या दिवशी पाचवा तारा.