बापांसाठी मोफत ट्रेनिंग म्हणाले आणि माझ्या नावावर ५४,००० रुपयांचं कर्ज काढलं

हे लिहायला मला दोन महिने लागले. लाज वाटत होती. सासुरवाडीला अजूनही सांगितलेलं नाही. पण परवा भोसरीत एका रिक्षाच्या मागे तसलीच जाहिरात पुन्हा दिसली, फक्त नाव आणि नंबर बदललेला, आणि डोकं फिरलं. आता गप्प बसणार नाही.

मी ४४ वर्षांचा. आयटीआय फिटर, १९ वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत, त्यातली शेवटची सात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. मार्चमध्ये कंपनीची ऑर्डर तुटली आणि आम्हा ३१ जणांना हिशोब देऊन घरी पाठवलं. थोरली नववीत, धाकटा पाचवीत. चाकण, तळवडे, म्हाळुंगे, सगळे गेट फिरून झाले. ठेकेदार आधी वय विचारतो आणि चाळीसच्या पुढचा आकडा ऐकला की बायोडाटा हातातसुद्धा घेत नाही. सरकारी योजनांचंही तेच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, आयटीआयवाल्याला महिना ८,००० रुपये विद्यावेतन, पण वय १८ ते ३५. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, तिथेही सर्वसाधारण मर्यादा ३५ वर्षांचीच. ज्याच्या डोक्यावर घरभाडं आणि पोरांच्या फीचं ओझं आहे, तोच नेमका बाहेर. त्या क्लासवाल्या हरामखोरांना ही फट बरोबर माहीत होती.

जाहिरात होती शाळकरी मुलांच्या वडिलांसाठी. वय ३५ ते ५५. सोलर पॅनल बसवण्याचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण मोफत, महिना ४,५०० रुपये विद्यावेतन, नंतर नोकरी. घरोघरी छतावर सोलर बसवायची केंद्राची सूर्यघर योजना २०२४ पासून चालू आहे, त्यामुळे या कामाला माणसं लागणार हे पटण्यासारखंच होतं. लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार मिळतात, तर बापासाठीही काहीतरी निघालं असेल असं वाटलं. मला एकट्याला नाही, आम्हा २३ जणांना वाटलं.

लोक मला विचारतात, संशय कसा आला नाही? अहो, त्यांनी पहिल्या दिवशी पैसे मागितलेच नाहीत. कागद मागितले. रेशन कार्ड, आधार, पॅन, कॅन्सल चेक, कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि दोन्ही मुलांचे शाळेचे बोनाफाईड. सरकारी कामातच असली कागदांची यादी असते. बोनाफाईडसाठी शाळेत दोन हेलपाटे घातले. माझ्या पोरांच्या नावाचे, जन्मतारखेचे कागद आज त्या लोकांकडे आहेत, हे आठवलं की झोप येत नाही. मुलांचे कागद कुठल्याही क्लासवाल्याला देऊ नका. बापाला नोकरी द्यायला पोराच्या जन्मतारखेची गरज नसते.

पैसे नंतर सुरू झाले, थोडे थोडे. नोंदणी ४९९. टूलकिटचं डिपॉझिट २,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,३६०. मेडिकल १,१८०. दोन टी-शर्ट आणि ओळखपत्राचे ८५०. एकूण ४,८८९. डिपॉझिट परत मिळणार असं लिहून दिलं, जीएसटी नंबर छापलेली पावती दिली. त्या पावतीनेच मला गप्प केलं. तो नंबर जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो, हे मला नंतर कळलं. तपासला तर तो भलत्याच धंद्याचा निघाला.

क्लास खरोखर चालू होता हो. निगडीकडच्या एका कॉम्प्लेक्समध्ये दुसरा मजला, प्रोजेक्टर, भिंतीला टेकवलेली दोन पॅनल. शिकवणारा पोरगा विशीतला, पण इन्व्हर्टरचं वायरिंग त्याला येत होतं. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी होती तेव्हा सुट्टीसुद्धा दिली. पळून जाणारी माणसं पालखीची सुट्टी देतात असं कुणाच्या मनात येईल?

आता तो शनिवार. काउन्सेलर मॅडमने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. "दादा, विद्यावेतनासाठी हजेरी ऑनलाइन करायची आहे." माझाच फोन घेतला, त्यात लिंक उघडली, माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, इकडे बघा, डोळे मिचकावा. मिचकावले. मग ओटीपी आला, तो दिला. दुसरा आला, तोही दिला. चष्मा पिशवीत होता आणि मागे दहा जण रांगेत उभे होते. निघताना ती म्हणाली, "बँकेचा मेसेज येईल, त्यात ४,५०० आकडा दिसेल. घाबरू नका, ते तुमचं विद्यावेतन."

संध्याकाळी मेसेज आला. इंग्रजीत. फोन थोरलीच्या हातात होता. तिने वाचला आणि म्हणाली, "पप्पा, यात डेबिट लिहिलंय. मँडेट रजिस्टर झालं म्हणतायत. डेबिट म्हणजे आपल्याकडून जाणार ना?"

मी म्हणालो, "ते विद्यावेतन आहे, तू तुझा अभ्यास कर."

नववीतल्या पोरीला डेबिटचा अर्थ कळला होता. तिने अगदी बरोबर प्रश्न विचारला आणि मी तिला गप्प केलं. १९ वर्षं मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर वाचलेला माणूस मी, चार ओळींचा मेसेज चष्मा लावून वाचला नाही. कारण मला तो वाचायचा नव्हता. तीन महिन्यांनी घरात पहिल्यांदा कुठून तरी पैसे येणार होते, आणि ते येणार नाहीत असं काही मला ऐकायचंच नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मोबाइलवर घेतलेलं कर्ज सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत, कमीत कमी एक दिवस तरी, दंडाशिवाय मागे घेता येतं. त्या रात्रीच कर्ज कंपनीला फोन केला असता तर पैसे क्लासवाल्यांच्या खात्यात जायच्या आत अडवता आले असते कदाचित. हे रोज मनात येतं, रोज.

५ जुलैला खात्यातून ४,५०० गेले. क्लासवाले म्हणाले टेक्निकल चूक आहे, पुढच्या आठवड्यात परत येतील. ९ जुलैला शटरला कुलूप. ती हजेरी म्हणजे कर्जाची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) आणि सही होती, आणि ते मँडेट म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी. कोर्स फी म्हणून ५४,०००, बारा हप्ते, रक्कम थेट संस्थेच्या खात्यात. ऑगस्टचा हप्ता बाउन्स झाला, बँकेने ५९० कापले. म्हणजे माझ्या खिशातून गेले ९,९७९ आणि डोक्यावर उरले ४९,५००, वर कर्ज कंपनीचा दंड वेगळा. तेवीसही जणांच्या नावावर एवढंच निघालं असेल तर १२ लाख ४२ हजार होतात.

ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका. हजेरीला ओटीपी लागत नाही. समोरचा घाई करत असेल तर उठून बाहेर या.

आता चौकीची गोष्ट. पहिल्या दिवशी हवालदार म्हणाले, "ओटीपी तुम्हीच दिला ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्यांदा गेलो तर, हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. तिसऱ्यांदा आम्ही नऊ जण मिळून गेलो तेव्हा कुठे अर्ज घेतला, आणि पोच मागितली तर साहेब रागावले. शिक्का न घेता मी हललो नाही. पुढे विचारायला गेलो तर सगळे गणपतीच्या बंदोबस्तात. गुन्हा अजून दाखल नाही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, तिथे तक्रार नोंदवून घेतली, पण एवढे आठवडे उलटल्यावर खात्यात पैसे राहतात कुठे? १९३० चा उपयोग पहिल्या काही तासांत. लाज बाजूला ठेवून त्याच घटकेला लावा.

सरकारच्या कौशल्य विकास कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या, "ही संस्था आमच्या यादीत नाही, त्यामुळे आमचा संबंध येत नाही." अहो बाई, यादीत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय! सरकारी योजनेचं नाव सांगून भर रस्त्यावर बोर्ड लागतात, २३ माणसं रोज जिने चढतात, आणि ज्यांचं नाव वापरलं जातं त्यांचा संबंध नाही? बाहेर साधा एक फलक लावता येत नाही का, की आमच्या प्रशिक्षणाला उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जात नाही? प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत उमेदवाराला फी नसते, आणि चौथ्या टप्प्यात वय ४५ पर्यंत चालतं. म्हणजे मी बसत होतो त्यात! सहा महिन्यांत हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. केंद्र खरं आहे का ते स्किल इंडिया डिजिटल हबवर बघता येतं. स्वयंरोजगाराचं शिकायचं असेल तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, राहणं-जेवणासकट मोफत.

कर्ज कंपनीचं एकच पालुपद: सही तुमची, चेहरा तुमचा, हप्ता भरा. वसुलीवाला रात्री साडेनऊला बायकोला फोन करून नको ते बोलला. ती डबे करून घर चालवतेय आणि तिला हे ऐकावं लागलं. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आधी वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोन रेकॉर्ड करा, वेळेसकट जपून ठेवा. कंपनीकडे आधी लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, माहितीसाठी नंबर १४४४८. माझी तक्रार तिथे गेली आहे. पोलीस आयुक्तांना सगळे कागद स्पीड पोस्टाने पाठवलेत.

आमच्या बॅचमधले नऊ जण एकमेकांना सापडलोत. उरलेल्या चौदांपैकी कुणी हे वाचत असेल तर दादा, आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा, आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत ते त्यात दिसतं. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. आमच्यातल्या एकाने गेल्या आठवड्यात काढला, तर त्याच्या नावावर दोन कर्जं निघाली, आणि त्यातल्या दुसऱ्या कर्जाचा हप्ता अजून सुरूच झालेला नाही.