“इथल्या इथे पोचा काढून देतो” म्हणणाऱ्यांपासून गाडी सांभाळा

पार्किंगमध्ये उभ्या गाडीजवळ येऊन कोणी “तुमच्या दाराला पोचा आलाय, इथल्या इथे काढून देतो” म्हणालं, तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. नको म्हणा, काच वर करा आणि तिथून निघा. माझ्या वडिलांच्या गाडीचं काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. पैसे गेले ते वाईटच, पण त्या लोकांनी दाराचं जे करून ठेवलं ते त्याहून वाईट आहे, आणि हे नुकसान नेमकं कशात असतं ते फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

पोचा अगदी साधा होता. शेजारच्या गाडीचं दार जोरात उघडलं की पडतो तसा. मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या जरा खाली, नाण्याएवढा. रंग शाबूत होता, नख फिरवलं तरी कुठे अडकत नव्हतं. मी दुकानात सामान घेत होते आणि बाबा गाडीत बसले होते. दोघे जण आले. एकाने काचेवर टकटक केली. “काका, हा पोचा बघितलात का? आम्ही गॅरेजलाच कामाला आहोत, आज सुट्टी आहे, हत्यारं बरोबरच आहेत. गॅरेजमध्ये न्याल तर अख्खं दार रंगवायला लावतील. आम्ही अर्ध्या तासात काढून देतो.” रक्कम अगदी किरकोळ सांगितली. बाबा म्हणाले, मुलगी येऊ दे, तिला विचारतो. त्यावर तो म्हणाला, “ताई येईपर्यंत काम झालेलंसुद्धा असेल. तुम्ही त्या सावलीत बसा काका, धूळ उडेल, डोळ्यांत जाईल.”

मी परत आले तेव्हा दारावर तळहाताहून मोठा पांढरट लेप थापलेला होता. पोचा नाण्याएवढा आणि लेप एवढा मोठा, हे बघूनच मला धस्स झालं. मी विचारलं तर उत्तर तयार होतं. “ताई, हे औषध पत्रा हळूहळू बाहेर ओढतं. उद्यापर्यंत हात लावू नका, पाणी लावू नका. उद्या ओल्या फडक्याने पुसा, दार नव्यासारखं दिसेल.” मग पैशांची वेळ आली तेव्हा ठरलेल्या रकमेच्या तिप्पट मागितले. सामान जास्त लागलं म्हणे. एक जण बोलत होता आणि दुसरा बाबांच्या अगदी अंगाजवळ येऊन उभा राहिला होता. बाबा घाबरले होते. मी पैसे दिले आणि ते दोघे गेले.

त्यांचं बोलणं आता आठवलं की प्रत्येक वाक्य कशासाठी होतं ते कळतं. आज सुट्टी आहे म्हणजे आत्ता हो म्हणा, नाहीतर संधी गेली. सावलीत बसा म्हणजे ड्रिल चालवताना मालक समोर नको. उद्यापर्यंत पुसू नका म्हणजे तोवर आम्ही दुसऱ्या कुठल्या तरी पार्किंगमध्ये. हा प्रकार काही नवा नाही, वेगवेगळ्या देशांत वर्षानुवर्षं चालू आहे, आणि ठरलेली वाक्यंही बहुतेक हीच असतात. एकट्या बसलेल्या वयस्कर माणसाला ते मुद्दाम गाठतात.

पत्रा ओढून घेणारं कुठलंही औषध नसतं. असा लेप, असं रसायन, अशी क्रीम अस्तित्वातच नाही. दबलेला पत्रा बाहेर यायला त्याला मागून ढकलावं लागतं किंवा पुढून ओढावं लागतं. आमच्या दारावर वरचा थर साध्या वॅक्सचा होता, आतलं काम झाकण्यासाठी लावलेला.

दुसऱ्या दिवशी तो पुसला आणि खाली राखाडी पुट्टी, म्हणजे खड्डा भरायचा लगदा, दिसली, ओबडधोबड, एका बाजूला फुगीर. तिच्याभोवती रंगाची चमक पूर्ण गेलेली. पॉलिश पेपर गोल गोल घासल्याचे चरे उजेडात स्पष्ट दिसत होते. पण खरा धक्का बसला तो गॅरेजमध्ये. तिथल्या कारागिराने दाराचं आतलं अस्तर काढलं, टॉर्च धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. पत्र्यात ओळीने छिद्रं होती. प्रत्येक छिद्रातून पुट्टी आत आलेली आणि तिथेच दगडासारखी घट्ट झालेली. छिद्र पाडायचं, त्यात स्क्रू पिळायचा आणि सरकत्या हातोड्याने झटके देऊन पत्रा बाहेर ओढायचा, ही जुनी पद्धत. आता ओढायची वेळ आलीच तर चांगल्या गॅरेजमध्ये पत्र्यावर पिन वेल्ड करून ओढतात, म्हणजे भोकं पडत नाहीत. या दोघांनी तर ओढण्याचं कामही नीट केलं नव्हतं, पोचा पुट्टीखाली तसाच होता. कडेचा पत्रा मात्र उलट बाहेर आला होता.

गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर कारखान्यात चढवलेले सगळे थर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट, हे मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरतात. त्यातला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन. खडबडीत पॉलिश पेपरचे थोडे हात फिरले की तो संपला, आणि हाताने फासून तो परत येत नाही. त्या कारागिराने रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावून दाखवलं. शेजारच्या दारावर १२० च्या आसपास आकडा आणि पुट्टीवर हजाराच्या वर.

छिद्रांचं नुकसान आणखी लांबचं असतं. काचेच्या रबरामधून पावसाचं थोडं पाणी दाराच्या आत उतरतंच. म्हणून तर प्रत्येक दाराच्या तळाशी पाणी वाहून जायला बारीक छिद्रं ठेवलेली असतात. आता त्या वाटेत उघड्या पोलादाच्या कडा आल्या. त्या गंजतात. पुट्टी ओलावा धरून ठेवते, गंज तिला मागून ढकलतो, आणि काही काळाने रंगावर फोड दिसायला लागतात. म्हणजे बाहेरून कुणी छान रंग मारून दिला असता तरी गंज दार आतून खात राहिला असता.

हे सगळं ऐकून झाल्यावर कारागीर जे म्हणाला ते मला सर्वांत जास्त लागलं. रंग न फुटलेला तो मूळ पोचा रंगाला धक्का न लावता निघाला असता. या पद्धतीला पेंटलेस डेंट रिपेअर म्हणतात, कारागीर नुसतं पीडीआर म्हणतात. दाराच्या आत काचेच्या फटीतून किंवा अस्तर काढून लांब, टोकाला वाकवलेली सळई घालतात आणि पत्रा मागून कणाकणाने दाबत आणतात. आत पोचायला वाटच नसेल तर गरम गोंदाने प्लास्टिकची बटणं बाहेरून चिकटवून ओढतात. जिथे पत्रा जास्त वर येतो तिथे बोथट नायलॉनच्या टोकाने हलकेच ठोकून खाली बसवतात. हे सगळं चालतं ते प्रतिबिंबावर. पट्ट्यापट्ट्यांचा एक दिवा गाडीच्या अंगावर धरतात. जिथे पोचा असतो तिथे प्रतिबिंबातल्या रेषा वाकतात, आणि त्या सरळ होईपर्यंत काम चालू राहतं. पुट्टी नाही, रंग नाही, पॉलिश पेपर नाही. कारखान्याचा रंग तसाच राहतो.

पण एकदा पॉलिश पेपर फिरला, पुट्टी बसली किंवा भोक पडलं, की हा मार्ग बंद. पुट्टी असलेला पत्रा मागून दाबला तर पुट्टी तडकते. मग छिद्रं वेल्डिंगने बुजवा, पत्रा सरळ करा, नव्याने पुट्टी, प्रायमर, रंग. आणि रंग मेटॅलिक असेल तर एकटं दार वेगळं दिसू नये म्हणून रंगाची छटा शेजारच्या पॅनेलपर्यंत विरवत न्यावी लागते. नाण्याएवढ्या पोच्यासाठी अर्धी बाजू रंगवायची पाळी आमच्यावर आली.

पीडीआरवाला माणूस घरी येऊनही काम करतो, त्यामुळे फिरता कारागीर म्हणजे चोर असं मला म्हणायचं नाही. फरक सोपा आहे. खरा कारागीर तुम्ही बोलावल्यावर येतो, आधी दिव्याखाली पोचा बघतो, निघेल की नाही ते सांगतो, आणि कधी कधी सरळ नाही म्हणतो. धारदार घडी पडलेला, पॅनेलच्या अगदी कडेला असलेला किंवा रंग तडकलेला पोचा या पद्धतीने नीट निघत नाही, आणि तो ते आपणहून बोलून दाखवतो. त्याच्या पेटीत सळया, दिवे आणि गोंद असतात. कुणी पुट्टीचा डबा, पॉलिश पेपर किंवा ड्रिल बाहेर काढलं, तर काम तिथेच थांबवायला सांगा. अर्धवट राहिलेला पोचा परवडतो. आणि गाडीपासून दूर जाऊन बसू नका, कुणी कितीही काळजीने सांगितलं तरी.

गॅरेजमध्ये देतानाही “यात पुट्टी लागणार आहे का?” हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर अंदाजपत्रकावर लिहून घ्या. काम झाल्यावर गाडी धुऊन, पुसून, दिवसाच्या उजेडात तिरकं बघा आणि मगच पैसे द्या. मऊ फडक्यात गुंडाळलेलं कमी ताकदीचं चुंबक पत्र्यावर ठेवून बघता येतं. पोलादावर ते धरतं, जाड पुट्टीवर सैल पडतं किंवा गळून पडतं. अॅल्युमिनियमचं बोनेट आणि प्लास्टिकचा बंपर यांवर चुंबक मुळातच धरत नाही, तिथे ही परीक्षा लावू नका. जुनी गाडी घेतानाही हे उपयोगी पडतं.

घरगुती उपायांबद्दल थोडं. गरम पाणी ओतून पोचा काढायची युक्ती प्लास्टिकच्या बंपरवर बऱ्याचदा चालते, कारण ते प्लास्टिक उष्णतेने मऊ होतं आणि आतून दाबलं की मूळ आकारात येतं. पत्र्यावर ती चालत नाही. हेअर ड्रायर आणि बर्फाचंही तसंच. काचेला चिकटतो तसा रबराचा सक्शन कप मोठ्या, उथळ, पसरट पोच्यावर कधी उपयोगी पडतो. दाराच्या धक्क्याच्या लहान खोल पोच्यावर त्याला पकडच मिळत नाही. रंगाचा टवका उडून पत्रा उघडा पडला असेल तरच घाई करायची, आणि तीही फक्त गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे टचअपचा रंग लावून ओलावा बंद करण्यापुरती. हा कोड बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. बाकी कुठलाही पोचा महिनाभर थांबला म्हणून वाढत नाही. घाई असते ती समोरच्याला.

मुळात पोचे पडू नयेत म्हणून आता आम्ही गाडी रांगेच्या टोकाला, खांबाच्या किंवा भिंतीच्या बाजूने लावतो, म्हणजे एका बाजूने तरी दार आदळायची भीती नाही. दोन दारांच्या गाडीशेजारची जागा टाळतो. त्या गाड्यांची दारं लांब असतात आणि अरुंद जागेत सहज लागतात. सामानाच्या ट्रॉल्या ठेवायच्या जागेजवळ आणि उताराच्या खालच्या टोकाला तर कधीच नाही, सुटलेली ट्रॉली तिथेच येऊन आपटते. जोराचा वारा असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावावं. वारा मागून असला की दार हातातून हिसकलं जातं आणि शेजारच्याचं नुकसान आपल्याकडून होतं.

आणि ज्यांच्या गाडीवर हे लोक लेप थापून गेलेत, त्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. वॅक्स लगेच मऊ ओल्या फडक्याने पुसा, खाली काय आहे ते बघा, फोटो काढा. पुट्टी घट्ट झाली असेल तर पातं किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून खरवडू नका, उरलेला चांगला रंगही जाईल. पार्किंगच्या कार्यालयात त्याच दिवशी लेखी कळवा आणि चित्रीकरण जपून ठेवायला सांगा, कारण कॅमेऱ्यांचं जुनं चित्रीकरण काही काळाने पुसून त्यावर नवं चढतं. पोलिसांतही तक्रार द्या, रक्कम लहान असली तरी. आम्ही दिली तेव्हा माणसं सापडली नाहीत, पण त्या पार्किंगमध्ये आता पहारेकरी अशा लोकांना हटकतात. दुरुस्तीला गाडी दिलीत की छिद्रं बुजवल्यावर दाराच्या आतल्या बाजूने गंजरोधक वॅक्स मारून घ्या आणि तळाची पाणी जायची छिद्रं मोकळी आहेत ना ते तपासायला सांगा. अस्तर परत बसलं की ते काम होत नाही, म्हणून अस्तर काढलेलं असतानाच स्वतः जाऊन बघा.